स्काऊटचा गणवेश पथकाच्या पेटीतला असू द्या

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

तुमच्या पेपरात मागच्या पंधरवड्यात दोन पत्रं आली. एका पालकांनी लिहिलं होतं की स्काऊट-गाईडला पूर्ण गणवेशाची सक्ती बंदच करा, खर्च झेपत नाही, आणि त्यावर एका रिटायर झालेल्या गुरुजींचं उत्तर आलं की गणवेश नाही तर स्काऊट नाही, शिस्त राहणार नाही. दोन्ही पत्रं मी दोनदा वाचली, दोघांचंही थोडं थोडं पटलं आणि पूर्ण कुणाचंच नाही, म्हणून लिहायला बसले. मी शिक्षिका वगैरे नाही. दापोली तालुक्यात समुद्राच्या कडेला आमचं गाव, तिथं वीस वर्षं शिवणकाम करते, ब्लाऊज, ड्रेस, शाळेचे गणवेश आणि जून आला की स्काऊटचे राखाडी शर्ट. म्हणजे ज्या कपड्यावरून वाद चाललाय तो माझ्या मशीनखालून जातो, आणि तो घ्यायला येणाऱ्या आयांची तोंडं मी बघते.

आधी खर्चाचं सांगते, कारण गुरुजींनी लिहिलंय की वर्षातून एकदाच तर घ्यायचा असतो. स्काऊटचा शर्ट हा साधा शर्ट नाही हो. दोन खिसे, दोन्हीवर झाकणं, खांद्यावर पट्ट्या, बाहीला बॅज लावायला नीट जागा पाहिजे, कॉलरला बकरम, काजं-बटणं जास्त. साध्या शाळेच्या शर्टाला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट लागतो. कापड आणि शिलाई धरून शर्ट-पँट आमच्याकडे आठशे-नऊशेच्या खाली येत नाही, मी कितीही कमी लावलं तरी. मग टोपी, टोपीचा बॅज, स्कार्फ, तो गळ्याशी अडकवायची कडी म्हणजे वॉगल, बक्कलचा पट्टा, काळे बूट, काळे मोजे, शिटीची दोरी. दीड हजाराच्या वर सहज जातं. घरात दोन पोरं त्या वयाची असली तर तीन हजार.

आणि हे सगळं कधी? जूनमध्ये. आपल्या किनाऱ्यावर जून म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. १ जूनपासून मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, खलाशी घरी, मच्छी विकणाऱ्या बायकांच्या टोपल्या पालथ्या. आंबा-काजूच्या बागेत मजुरीला जाणाऱ्यांचं काम मेमध्ये संपलेलं, लावणीची मजुरी अजून सुरू व्हायचीय. त्याच महिन्यात वह्या, पुस्तकं, छत्री, रेनकोट, रोजचा गणवेश, घरावरची ताडपत्री. देशावर कदाचित जून जरा बरा जात असेल, मला माहीत नाही, पण आमच्याकडे घरातली रोकड सगळ्यात कमी असते तो हाच महिना आणि नेमकं तेव्हाच वर्गात सांगतात, पुढच्या शनिवारी पूर्ण गणवेशात या.

बरं एकच जोड घेतला तरी पावसात तो वाळत नाही. आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, चुलीच्या वर दोरी बांधून कपडे टाकायचे, मग शर्टाला धुराचा वास, आणि ओलसरच अंगात घालून पोरगं जातं. चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, कॅनव्हासच्या बुटाचा तळ सुटतो. दिवाळीपर्यंत जूनमधला गणवेश बघा कसा झालेला असतो.

आता मी जे बघितलं ते सांगते, शाळेचं नाव लिहीत नाही कारण मला कुणाची बदनामी करायची नाही. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वाडीतली एक मच्छी विकणारी बाई जूनच्या शेवटी माझ्याकडे आली, पिशवीतून नवऱ्याची जुनी राखाडी पँट काढली आणि म्हणाली, "ताय, ह्याचा शर्ट निघेल काय गो पोराला?" पोरगा सातवीत, अंगानं बारीक. मी पँट उसवली, कापड उलटं करून बघितलं, आतनं रंग बरा होता. पाठीला खांद्याखाली जोड द्यावा लागला, खिशाची झाकणं खिशाच्या आतल्या कापडातनं काढली, पट्ट्या बसल्या. खाली चांगला दोन इंच दाब सोडला, वाढत्या अंगाचं म्हणून. मला त्या शर्टाचा खरंच अभिमान वाटला होता, जोड शोधून सापडला नसता.

पण रंग एक शेड गडद होता. पंधरा ऑगस्टच्या संचलनाची प्रॅक्टिस सुरू झाली तेव्हा त्याला रांगेतनं बाहेर काढलं, रंग जुळत नाही आणि पट्टा पण साधा आहे म्हणून, आणि व्हरांड्यात बसवलं बाकीच्यांच्या छत्र्या सांभाळायला. तीन दिवस तो छत्र्या घेऊन बसला. चौथ्या दिवशी गेला नाही, आणि मग स्काऊटलाच गेला नाही.

तो पोरगा गाठी कशा मारतो ते तुम्ही बघायला पाहिजे होतं. स्काऊटमध्ये शीट बेंड म्हणून गाठ शिकवतात, जाडीत फरक असलेल्या दोन दोऱ्या जोडायची. ती जाळं विणायची गाठ आहे, त्याचा आजा डोळे मिटून मारतो आणि पोरगा पाच वर्षांचा असल्यापासून बघतोय. 'क्लोव्ह हिच' नावाची गाठ होडी बांधताना रोज लागते. एक गाठ तर नावानंच फिशरमन नॉट आहे. बाकीची पोरं महिनाभर शिकत होती ते ह्याला येतच होतं, संघनायक, म्हणजे पथकातल्या एका छोट्या गटाचा म्होरक्या, व्हायचा तो खरं म्हणजे, पाच-सहा जणांना शिकवलं असतं त्यानं. पथकाचा तोटा झाला हो, त्याच्या एकट्याचा नाही. आणि स्काऊटचे जे नऊ नियम आहेत त्यातला तिसरा म्हणतो की स्काऊट सर्वांचा मित्र आणि दुसऱ्या स्काऊटचा भाऊ असतो, आठवा म्हणतो की स्काऊट काटकसरी असतो. बापाच्या पँटीतनं शर्ट काढला यापेक्षा काटकसर ती काय असते? ज्या पोरानं आठवा नियम अंगावर घातला होता त्याला आपण बाहेर बसवलं. हे आठवलं की अजून मला राग येतो.

एवढं सगळं लिहिल्यावर तुम्हाला वाटेल की ही बाई गणवेश काढून टाका म्हणणार. नाही. ते पालक म्हणतात तसं पूर्ण बंद करायला माझा विरोध आहे, आणि तो मी गाईड होते म्हणून आहे.

माझे वडील बागेत मजूर होते. आठवीत मी गाईडमध्ये गेले आणि पहिल्यांदा गणवेश घालून आमच्या गावच्या जत्रेत उभी राहिले, बायकांची रांग लावायचं काम होतं. माझ्या शेजारी गावातल्या डॉक्टरांची मुलगी उभी होती. तोपर्यंत शाळेत मी आणि ती कधी एका बाकावर बसलो नव्हतो, तिची रिबन, तिची चप्पल, तिची छत्री सगळं वेगळं. त्या दिवशी रांगेतल्या बायका दोघींनाही सारखंच "बाय, पुढं सोड गं" म्हणत होत्या आणि दोघींचंही ऐकत होत्या. चौदा वर्षांच्या मजुराच्या पोरीचं कोण ऐकतं एरवी? ती ताकद त्या कपड्याची होती. हे ज्यानं अनुभवलंय तो गणवेश फालतू आहे असं म्हणूच शकत नाही. गर्दीत, पुरात, जत्रेत लोकांना कळलं पाहिजे की हा पोरगा मदतीला उभा आहे, याला विचारायचं. आणि पोरांना स्वतःला पण कळतं, शर्ट अंगात चढला की पाठ आपोआप ताठ होते, मी माझ्या दुकानात ट्रायलच्या वेळी रोज बघते.

पण तो गणवेश माझ्या वडिलांनी घेतला नव्हता, आणि इथंच माझा सगळा मुद्दा आहे. आमच्या गाईडच्या बाईंनी स्टाफरूममध्ये एक पत्र्याची पेटी ठेवली होती. पेटी उघडली की डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. त्यात पंधरा-सोळा गणवेश, प्रत्येकाच्या कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं नंबर घातलेला. माझा नंबर अकरा. वर्ष संपलं की धुऊन, इस्त्री करून, तुटलेलं बटण लावून परत करायचा, पुढच्या वर्षी मोठ्या मापाचा मिळायचा. आणि डॉक्टरांच्या मुलीला पण पेटीतलाच, बाईंनी तिच्या आईला स्पष्ट सांगितलं होतं की नवीन शिवायचा नाही, शिवायचाच असला तर पेटीसाठी शिवा. म्हणून कुणाचा आपला आणि कुणाचा पेटीतला हा प्रश्नच नव्हता. तंबू पथकाचा असतो, दोर पथकाचे असतात, झेंडा पथकाचा असतो, मग शर्टच तेवढा पोराच्या बापाचा का?

आपल्याकडे ही काही नवीन गोष्ट नाही. आपल्या गावात नमन-खेळे होतात, त्यातल्या संकासुराच्या सोंगाचा पोशाख काय संकासुर होणाऱ्यानं स्वतःच्या पैशानं शिवायचा असतो का? तो गावाच्या पेटीत असतो, शिमग्याला बाहेर निघतो, ज्याच्या अंगाला बसेल तो घालतो. तिकडं एनसीसीच्या पोरांच्या गणवेशाचा खर्च सरकार करतं, आणि त्यांची शिस्त कमी आहे असं अजून कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

शिलाईवाली म्हणून एक गोष्ट मी छातीठोक सांगू शकते. पोर वाढतं, शर्ट झिजत नाही. स्काऊटचा शर्ट आठवड्यातून एकदा घालायचा, टेरीकॉटचं कापड, नीट ठेवला तर पाच-सहा वर्षं कुठं जात नाही. पण दहा ते चौदा या वयात पोरगा दर वर्षी दोन-दोन इंच वाढतो, म्हणजे दुसऱ्या वर्षी शर्ट काखेत दाटतो आणि मग तो जातो कपाटाच्या तळाला, नाहीतर गाडी पुसायला. मी स्वतः शिवलेले शर्ट गॅरेजमध्ये ऑईलनं माखलेले बघितलेत. एका शर्टाच्या आयुष्यात चार पोरं सहज निघतील आणि आपण एकाच पोराच्या घरातनं सगळे पैसे घेतो.

सरकारनं पण प्रयत्न केला, तो सांगितला नाही तर अन्याय होईल. २०२४-२५ ला जिल्हा परिषद वगैरे शाळांत पहिली ते आठवीच्या पोरांना दोन गणवेश द्यायचं ठरलं, एक रोजचा आणि दुसरा चक्क स्काऊट-गाईडचा. मला फार बरं वाटलं होतं ऐकून. पण स्काऊटच्या गणवेशाला कापड सरकारचं आणि शिलाईला शंभर रुपये, वर दहा रुपये किरकोळ खर्चाला. शंभर रुपयात दोरा, बकरम, काजं-बटणं धरून शर्ट-पँट कोण शिवून देणार? माझी मजुरी सोडा, ओव्हरलॉकचे आणि काजांचेच पैसे बाहेर द्यावे लागतात. पुष्कळ ठिकाणी कापड उशिरा आलं, पोरांना वेळेत गणवेश मिळाले नाहीत, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती पद्धत बदलून कारभार परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. शिवाय आठवीच्या पुढं काय? स्काऊट-गाईड तर सतरा वर्षांपर्यंत असतात, आणि नववी-दहावीच्या पोरांची मापं मोठी, कापड जास्त, खर्च जास्त. तो घरच्यांवरच.

गुरुजींचा मुद्दा मी टाळत नाही. ते म्हणतात फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही. काही अंशी खरं आहे ते. पण पेटीतला गणवेश फुकट नसतो, तो परत करायचा असतो, आणि परत करताना नीट करून द्यायचा असतो. मी बटण लावायला तिथंच शिकले, आज त्याच सुईवर पोट भरते. आणि स्काऊटमध्ये खरी कमाई नावाची एवढी चांगली गोष्ट आहे, कुणाकडं हात पसरायचा नाही, काम करायचं आणि मेहनतीचे पैसे घ्यायचे. आपल्या शाळांत खरी कमाई म्हणजे आयांनी घरनं भेळ आणि वडे करून द्यायचे आणि पोरांनी स्टॉलवर उभं राहायचं एवढंच उरलंय. त्यापेक्षा पोरांना खरं काम द्या. बागेत पाला गोळा करायचा, सुपाऱ्या सोलायच्या, गणपतीच्या आधी पाखाडीच्या दगडी वाटेवरचं शेवाळ खरवडायचं, सुट्टीत एक-दोन दिवस, झेपेल तेवढं. त्यातनं वर्षाला चार शर्टांचं कापड येत नाही का? येतं. पेटी भरायला चार वर्षं लागतील, लागू देत. शर्टावर ज्याचा घाम आहे तो शर्ट पोरं जपतील.

मुंबईकर मंडळी गणपतीला आणि शिमग्याला गावात येतात, शाळेला काही ना काही देतात, त्यांना पण विनंती आहे की एकदा पेटीसाठी द्या. फक्त एक करा, स्टेजवर पोराला उभं करून, हातात गणवेश देऊन फोटो काढू नका. ज्या कपड्यानं कोण गरीब ते दिसू नये तोच कपडा देताना आपण सगळ्या गावाला दाखवून देतो. कापडाचा तागा मास्तरांकडं द्या आणि चहा पिऊन जा.

आणि पेटी भरेपर्यंत काय करायचं, तर स्कार्फ पुरे. स्काऊटची सुरुवात झाली तेव्हाचं मी मुलाच्या मोबाईलवर मुद्दाम वाचलं. १ ऑगस्ट १९०७ ला बेडन पॉवेल साहेबांनी इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावर वीसेक पोरं नेली, त्यात मोठ्या शाळांतली श्रीमंतांची होती आणि जवळच्या गावातल्या कामगारांची पण होती. तेव्हा ठरलेला गणवेशच नव्हता, पितळी बॅज आणि खांद्याला लोकरीचा रंगीत गोंडा, ज्याच्या त्याच्या संघाच्या रंगाचा. तेवढ्यावर पहिलं शिबीर झालं. आजही १ ऑगस्टला जगभरातले जुने-नवे स्काऊट साध्या कपड्यावर नुसता स्कार्फ घालून कामाला जातात, आणि आपल्याकडं तीच टिळक पुण्यतिथी, रत्नागिरीत जन्मलेल्या माणसाची, शाळेत कार्यक्रम असतोच. आणि आपल्या देशात १९०९ ला स्काऊट आला तेव्हा गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियन पोरांसाठीच होता, आपली पोरं बाहेर. मग १९१६ ला ॲनी बेझंट बाईंनी मद्रासला आपल्या पोरांचं वेगळं स्काऊट काढलं, त्यात पोरांच्या डोक्याला आपला फेटा. म्हणजे पोरांना आत घ्यायला गणवेश आपल्या लोकांनी तेव्हाही बदललाय, तो काही दगडावरची रेघ नाही.

स्कार्फ म्हणजे तिकोनी कापड, कडेनं टीप मारली की झाला. माझ्याकडं कटपीसमधनं किती तरी निघतील, फक्त पथकानं एक रंग ठरवावा. वॉगल तर विकत घ्यायचंच कशाला, जाळ्याच्या दोरीचं इतकं सुंदर विणता येतं. तोच स्कार्फ हात मोडला तर झोळी होतो, डोकं फुटलं तर पट्टी होतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या घराची अर्धी कौलं गेली, समोरच्या पोफळी आडव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी वाडीतली दोन पोरं आली, फाटकी बनियन आणि हाफ पँट, त्यांनी ताडपत्री अशी बांधून दिली की तो अख्खा पावसाळा हलली नाही. म्हटलं कुठं शिकलात रे, तर म्हणाले स्काऊटला. पोरांच्या हातात हे येणं महत्त्वाचं आहे आणि ते यायचं तर पोरगा आधी पथकात टिकला पाहिजे. बॅज दीक्षा झाल्यावरच, म्हणजे स्काऊटचं वचन घेतल्यावरच लागतो, तोपर्यंत पूर्ण गणवेशाची घाई कशाला? जूनमध्ये स्कार्फ द्या, गणपतीनंतर पेटीतला शर्ट द्या, २६ जानेवारीला टोपी-पट्ट्यासकट सगळी पोरं सारखी उभी करा, माझी ना नाही, मी स्वतः बघायला येईन.

जिल्ह्याच्या मेळाव्यात गणवेशाला मार्क असतात म्हणून शिक्षकांवर पण दडपण असतं, हे मला कळतं, ते लोक काही वाईट नाहीत, बरेचसे शिक्षक स्वतःच्या खिशातनं पोरांचे बूट घेतात. म्हणून वरिष्ठांना सांगणं आहे की मार्क ठेवायचेच असतील तर पथकाच्या पेटीला ठेवा. पेटीत किती शर्ट आहेत, किती वर्षं टिकले, कितीजणांनी घातले ते बघा.

माझ्यापुरतं मी ठरवलंय. या वर्षीपासून आमच्या गावच्या पथकाचे दोन शर्ट बिनपैशाचे शिवून देणार, कापड त्यांचं, आणि पेटीतल्या सगळ्यांची दुरुस्ती माझ्याकडं, फक्त उसवलेलं पोरांनी स्वतः आणून द्यायचं आणि शेजारी बसून बघायचं. ज्यांच्या घरात लहान झालेले राखाडी शर्ट पडून असतील त्यांनी आमच्याकडं पाठवावे, फाटका असला तरी चालेल, खिसे आणि पट्ट्या निघतात. आत्तापर्यंत सहा जमलेत. त्यातला बत्तीस छातीचा मी बाजूला काढून ठेवलाय, कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं एक नंबर घातलाय. त्या पोराच्या आईला निरोप दिला, म्हणाली बाजार उठला की येते त्याला घेऊन.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक, ता. दापोली, जि. रत्नागिरी